ट्रूपर चिलखताला त्याच जागी पुन्हा तडा जातोय? गोंद बदलण्याआधी हे तपासा

कार्यक्रम आठवड्यावर आला की माझा फोन वाजतो आणि प्रश्न ठरलेला असतो. "ताई, मागच्या वेळी जोडलेलं परत उघडलं. आता कुठला गोंद आणू?"

पुण्यात मी माझं स्वतःचं आणि मित्रमंडळींचं पांढरं ट्रूपर चिलखत दुरुस्त करते. 1977 च्या पहिल्या स्टार वॉर्स चित्रपटातल्या शिपायांचं, हौशी लोक वेशभूषा म्हणून घालतात ते, एबीएस प्लास्टिकच्या शीटवरून व्हॅक्यूम फॉर्मिंगने (तापवलेली शीट साच्यावर ओढून) काढलेलं. मांडीची मागची कड, काखेखालची छातीची बाजू आणि टिचबटणाचं भोक या तीन जागा मी किती वेळा जोडल्या याची मोजदाद राहिलेली नाही. त्या अनुभवावरून एवढं ठामपणे सांगते: तडा त्याच जागी दुसऱ्यांदा गेला असेल तर चूक सहसा गोंदाची नसते. त्या जागेवर जोर कुठून येतोय आणि हातातलं प्लास्टिक नेमकं कुठलं आहे, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय नवीन नळी विकत घेऊ नका.

फोमचं चिलखत वेगळ्या तऱ्हेने बिघडतं, थ्रीडी प्रिंट केलेलं आणखी वेगळ्या. खालचं सगळं शीटवरून काढलेल्या कडक प्लास्टिकपुरतंच आहे.

आधी लक्षणं बघा

कडेपासून आत शिरणारी केसासारखी चीर. ही सहसा मांडीच्या मागे गुडघ्याच्या वर किंवा काखेखाली दिसते. कड एखाद्या जागी किंचित खडबडीत असते आणि चीर तिथूनच निघालेली असते.

वाकणाऱ्या जागी खडूसारखा पांढरट पट्टा. चिलखतच पांढरं असल्यामुळे तो पटकन कळत नाही. तुकडा खिडकीपाशी तिरपा धरा, बाकीच्या चकाकीत तेवढी जागा मेलेली दिसते. तिथे अजून तडा गेलेला नाही, पण प्लास्टिक आतून ताणलं गेलंय. या टप्प्यावर दुरुस्ती सर्वांत सोपी असते.

टिचबटण किंवा रिव्हेटच्या भोकाभोवती चांदणीसारख्या चिरा.

दोन अर्धुकांवरची (हाता-पायाच्या तुकड्याच्या दोन अर्ध्या भागांवरची) सांध्याची पट्टी एका टोकापासून उचलली जाणं. प्लास्टिक शाबूत, फक्त पट्टी सुटलेली.

एका जागी नाही, तर मोठ्या भागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. याचं कारण बहुतेक वेळा तुमच्या स्वच्छतेच्या कपड्यात किंवा तेलाच्या बाटलीत सापडेल.

पिवळेपणा आणि ठिसूळपणा. दाबलं की लवत नाही, कटकन तुटतं. याला दुरुस्ती नाही. एबीएसमध्ये लवचीकपणा देणारा रबराचा भाग असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ऑक्सिजनने तोच खराब होतो. गच्चीवर वाळत घातलेलं चिलखत असंच जातं.

आता तपासण्या. पहिल्या काहींना एक पैसाही लागत नाही, आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

घालून बघा, चालून बघा

तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करा आणि तारीख लिहा. मग चिलखत घालून मोबाइलवर चित्रीकरण करायला कुणालातरी उभं करा. दोन्ही हात वर घ्या, जिना चढल्यासारखं पाऊल उचला, कंबरेतून थोडं वाका. बसू मात्र नका. या चिलखतात बसता येत नाही, आणि जे बसतात त्यांच्या मांडीमागच्या कडा आधी जातात. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मांड्या रिक्षात बसल्यामुळे गेलेल्या होत्या. कार्यक्रमाच्या जागी पोहोचून मगच चिलखत चढवायचं, हा एक नियम पाळला तरी खूप वाचतं.

चित्रीकरणात बघायचं ते एवढंच: तड्याच्या जागी दोन तुकडे एकमेकांना भिडतात का? मांडीची वरची कड पोटाच्या तुकड्यावर आपटते का? पोटरी मांडीत घुसते का? भिडत असेल तर प्रत्येक पावलागणिक तिथे एक ठोसा बसतोय. कुठलाही गोंद दिवसभर असे ठोसे सोसणार नाही.

लगेच पट्टे बघा. खांद्यावरचा पट्टा फार आवळला की छातीचा तुकडा वर ओढला जातो आणि काखेत ताण येतो. फार सैल सोडला की सगळा भार खालच्या कडेवर टेकतो. पट्टा बोटभर सैल करा, पुन्हा चाला, पुन्हा बघा. सगळीकडे कडक नायलॉनचा पट्टा लावला असेल तर जिथे अंग हलतं तिथे रुंद इलॅस्टिक लावा. रविवार पेठेत शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात ते मीटरवर मिळतं. हालचाल इलॅस्टिकने सोसायची असते, प्लास्टिकने नाही.

कडेवरून नख फिरवा

ही तपासणी मला सर्वांत आवडते, कारण नखाला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही. कड साफ असेल तर नख सरळ घसरत जातं. कटरने रेघ मारून मोडलेल्या कडेवर ते मध्येच अडकतं. ती बारीकशी खाच म्हणजे उद्याचा तडा. कापड फाडायच्या आधी दुकानदार कडेला छोटा काप देतो, मग हाताने सरळ फाडतो. प्लास्टिकही तसंच वागतं. वाकण्याचा सगळा जोर त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो.

उपाय स्वस्त आहे. आधी 220 नंबरचा, मग 400 चा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा आणि कडेच्या लांबीच्या दिशेने फिरवा. आडवा फिरवलात तर नव्या खाचा पडतील. आतले काटकोनातले कोपरे गोल करा. कापताना कोपरा गोल येण्यासाठी तिथे आधी एक भोक पाडायचं आणि काप त्या भोकापर्यंत आणायचा, ही सवय लावून घ्या.

भोकं आणि टिचबटणं

टिचबटण थेट प्लास्टिकला ठोकलं असेल तर चांदणी उमटणारच. ठोकताना धातू पसरतो, भोकाच्या कडेला दाब देतो, आणि तो दाब कायम तिथेच राहतो. वरून पट्टा प्रत्येक हालचालीला ओढतो.

टिचबटण नायलॉन पट्ट्याच्या सुमारे 5 सेंटिमीटर लांब तुकड्यावर ठोका आणि तो तुकडा चिलखताला आतून चिकटवा. ओढ तेवढ्या सगळ्या क्षेत्रावर वाटली जाते. नायलॉनच्या कडा आधी मेणबत्तीवर हलक्या भाजून घ्या, नाहीतर धागे सुटतात. बटणं पितळी घ्या. घामाने आणि पावसाळ्यात लोखंडी बटणं गंजतात, मग काढताना जोर लावावा लागतो आणि तोच जोर प्लास्टिकला जातो.

जुन्या भोकाला आधीच चिरा पडल्या असतील तर त्यांची दुरुस्ती खाली सांगितली आहे तशीच करायची.

अंगाला काय लावता, चिलखत कशाने पुसता?

हा प्रश्न विचारला की लोक बुचकळ्यात पडतात. घासू नये म्हणून मांडीला खोबरेल तेल लावणारे बरेच आहेत. ताणाखाली असलेल्या एबीएसला तेल लागलं की त्यात बारीक चिरा पडू शकतात. अल्कोहोल असलेला काच पुसायचा फवारा किंवा सॅनिटायझर यांचंही तसंच. तेल किंवा अल्कोहोल एकट्याने फारसं काही करत नाही, ताणही एकटा सहन होतो, पण दोन्ही एका जागी आले की प्लास्टिक हार मानतं. तेलाऐवजी आतून अंगासरशी काळे कपडे घाला, वाटलं तर टाल्कम पावडर लावा. पुसायला कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरतो.

ठेवताना मऊ, रबरासारख्या पीव्हीसीच्या आवरणात गुंडाळू नका. त्याला मऊ करणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि एबीएसवर उतरतं. माझं चिलखत आईच्या जुन्या सुती साड्यांत असतं, प्रत्येक तुकडा वेगळा. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. एबीएस तेवढ्याने वितळत नाही, पण रबरी गोंद मऊ पडून पट्ट्या सरकतात. संध्याकाळी डिकी उघडून मी हे स्वतःच्या पोटऱ्यांवर पाहिलंय.

गोंद कुठल्या बाजूला राहिला?

आता गोंदाकडे येऊ. सुटलेली पट्टी फेकू नका, पुसू नका. दोन्ही बाजू उजेडात धरा.

गोंद संपूर्ण एका बाजूला आणि दुसरी बाजू चकचकीत स्वच्छ असेल, तर त्या बाजूला गोंद कधी धरलाच नव्हता. पृष्ठभाग घासलेला नव्हता किंवा त्यावर तेलकट थर होता. गोंद थोडा इकडे, थोडा तिकडे, मधूनच फाटलेला असेल तर तो नीट सुकायच्या आत चिलखत घातलंत, किंवा थर फार पातळ होता. आणि गोंदाबरोबर प्लास्टिकचा पापुद्रा निघून आला असेल तर गोंदाने त्याचं काम चोख केलंय. तिथे अधिक जोरकस गोंद लावलात तर पुढच्या वेळी पट्टीऐवजी चिलखत फाटेल.

सुपरग्लूचा मोह फार होतो, कारण दहा सेकंदांत धरतो. पण तो सुकल्यावर काचेसारखा होतो. सरळ ओढ सहन करतो, मात्र टोकाकडून सोलल्यासारखी ओढ आली की सुटतो, आणि धक्क्याने तडकतो. चालताना नेमकी तशीच ओढ येते. शिवाय आजूबाजूला पांढरी भुकटी धरते. लाकडाचा पांढरा गोंद तर प्लास्टिकवर टिकतच नाही. पुन्हा कधी उघडावं लागेल अशा सांध्यांना मी लवचीक रबरी गोंद वापरते आणि तो एक-दोन दिवस नुसता राहू देते. तड्यांना एबीएसचीच पेस्ट लावते.

पट्ट्यांची रुंदीही बघा. 501स्ट लीजन ही स्टार वॉर्सच्या वेशभूषा करणाऱ्यांची हौशी संघटना अमेरिकेत अल्बिन जॉन्सन यांनी 1997 मध्ये सुरू केली. त्यांनी प्रत्येक चिलखताचे तपशील बारकाईने नोंदवून ठेवलेत. पहिल्या चित्रपटाच्या शिपायासाठी हातांच्या पट्ट्या साधारण 15 मिमी आणि पायांच्या पुढच्या पट्ट्या 20 मिमी धरतात. हे दिसण्यासाठी ठरलेलं माप आहे. ताकद हवी असेल तर आतून याहून रुंद पट्टी लावा, बाहेरून कुणाला दिसत नाही.

प्लास्टिक खरंच एबीएस आहे का?

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण परत-परत उघडणाऱ्या सांध्यांचं मूळ मला सर्वांत जास्त वेळा इथे सापडलं.

कातरणीतला (चिलखत कापताना उरलेल्या प्लास्टिकमधला) नखाएवढा तुकडा घ्या, रंग किंवा गोंद न लागलेला. कातरण नसेल तर आतल्या, न दिसणाऱ्या कडेचा कपटा काढा. एका पेल्यात साधं पाणी घ्या. दुसऱ्यात मीठ विरघळेनासं होऊन तळाशी उरेपर्यंत टाका. 200 मिली पाण्याला 70 ग्रॅमच्या आसपास लागतं. दोन्हीत साबणाचा एकेक थेंब घाला. तुकडा पाण्याखाली नेऊन बोटांनी चोळा म्हणजे चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतील. मग सोडून द्या.

साध्या पाण्यातच तरंगला तर ते पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन आहे. त्याला घरातला कुठलाही गोंद धरणार नाही, तिथेच तुमचं उत्तर मिळालं. साध्या पाण्यात बुडला आणि मिठाच्या पाण्यात वर आला तर एबीएस किंवा पॉलिस्टायरिन. दोन्हीत बुडला तर बहुधा पीव्हीसी किंवा पीईटीजी. एबीएसची घनता 1.05 च्या आसपास, मिठाच्या संपृक्त पाण्याची 1.2, आणि पीईटीजी, पीव्हीसी त्याहून जड. शाळेतल्या लिंबू-मिठाच्या प्रयोगाइतकंच साधं आहे हे.

एबीएस की पॉलिस्टायरिन, हे ओळखायला संत्र्याची साल कामाला येते. साल वाकवून तिचा फवारा कपट्यावर दोन-तीनदा मारा आणि तासाभराने बोट लावा. सालीच्या तेलातलं लिमोनिन पॉलिस्टायरिनला मऊ, चिकट करतं. एबीएस त्याला फारशी दाद देत नाही. नागपूरची संत्री बाजारात असतात त्या दिवसांत मी एक साल कामाच्या टेबलावर ठेवूनच देते. प्रयोग फक्त कपट्यावर करा, चिलखतावर नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण पीव्हीसीला नळकाम करणाऱ्यांचा पीव्हीसी सिमेंट लागतो, पॉलिस्टायरिनला प्लास्टिक मॉडेलचा सिमेंट, एबीएसला एबीएसची पेस्ट. पीईटीजीवर अॅसिटोन घातलात तर ते पांढरं पडून ठिसूळ होतं, म्हणजे दुरुस्तीनेच नवा तडा.

विजेरी आतून लावा

खोली अंधारी करा. मोबाइलचा दिवा तुकड्याच्या आतून कोपऱ्याकोपऱ्यावर फिरवा. शीट तापवून साच्यावर ओढली की खोल जागी आणि कोपऱ्यात ती ताणून पातळ होते. 2 मिमीची शीट खोल कोपऱ्यात 1 मिमीच्या खाली जाऊ शकते. सपाट भागात उजेड मंद येईल, पातळ कोपऱ्यात भगभगीत. तडा त्या भगभगीत जागेवरूनच जात असेल तर आतून अस्तर दिल्याशिवाय तो थांबणार नाही. व्हर्निअर असेल तर कडेची जाडीही मोजा.

आणि इथेच चिलखत कुठून आलं हा प्रश्न येतो.

एकदा मी वापरलेला संच स्वस्तात घेतला. साचा कुणी कोरला असं विचारलं, विकणाऱ्याने उत्तर टाळलं. शीट कुठली, तर "चांगली आहे". कातरण नव्हती. मोह झाला आणि घेतला, ही माझी चूक. पोटरीची दोन अर्धुकं जोडायला घेतली तर खाली भिडत होती आणि वर बोटभर फाकत होती. चिमटे लावून ओढून बसवली. दोन कार्यक्रमांत सांधा उघडला. पुन्हा बसवली, पुन्हा उघडला. मग विजेरी लावली आणि कोपरे कंदिलासारखे उजळले. मिठाच्या पाण्यात तुकडा तळाला गेला.

तो संच दुसऱ्या कुणाच्या तरी चिलखतावरून उचललेल्या साच्याचा होता. तयार तुकड्यावरून साचा घेतला की रेषा बोथट होतात, मापं सरकतात, म्हणून अर्धुकं भिडत नाहीत. ती ओढून भिडवली की सांध्यात ताण कायमचा बसतो, अंगावर नसतानासुद्धा. शिल्पकामाचा खर्च नाही म्हणून तो स्वस्त पडतो, आणि स्वस्तच ठेवायचा म्हणून शीटही पातळ आणि मिळेल ती. ज्याने मूळ मापं काढण्यात, साचा घासण्यात वर्षं घालवली त्याला यातला रुपया मिळत नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, आणि तुमच्या दुरुस्तीच्या दृष्टीनेही त्याचा त्रास आहे: उद्या तडा गेला तर विचारायला कुणी नसतं.

कायद्याचा मुद्दा कुणीतरी काढतंच, म्हणून थोडक्यात. मूळ चिलखताचं शिल्पकाम 1976 मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायन म्युअर यांनी केलं, आणि अँड्र्यू एन्सवर्थ यांनी ते प्लास्टिकमध्ये काढलं. पुढे हेल्मेटवरून स्टार वॉर्स बनवणारी कंपनी लुकासफिल्म आणि एन्सवर्थ यांच्यात खटला झाला. 2011 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्या देशाच्या कायद्यात हे हेल्मेट 'शिल्प' ठरत नाही, पण अमेरिकी कॉपीराइटचा दावा इंग्लंडच्या कोर्टात चालवता येतो. म्हणजे कागदावर गुंता आहे. हौशी लोकांनी स्वतःपुरती रेघ मात्र स्वच्छ ओढली आहे: दुसऱ्याच्या हातचं काम न विचारता साच्यात घालायचं नाही, आणि ही वेशभूषा नफ्याचा धंदा करायची नाही. मी ती रेघ पाळते.

म्हणून आता घेण्याआधी चार प्रश्न विचारते. साचा कुणी कोरला? शीट कुठली आणि किती जाड? कातरण सोबत देणार का? नंतर एकच तुकडा वेगळा मिळेल का? प्रामाणिक कारागीर चारही प्रश्नांची उत्तरं न विचारता देतो. कातरण तर तो स्वतःच खोक्यात टाकतो, कारण दुरुस्तीला त्याच शीटचा रंग लागतो हे त्याला माहीत असतं.

एबीएस आहे हे पक्कं झालं, तर दुरुस्ती अशी

तड्याचं टोक शोधा. मागून विजेरी, पुढून भिंग. दिसतं त्याच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे तडा गेलेला असतो. तिथे 2 ते 3 मिमीचं भोक पाडा. ड्रिल मशीन नको, बिट बोटांत धरून हळूहळू फिरवा. तड्याचं टोक सुईसारखं टोकदार असतं म्हणून तो पुढे सरकतो. गोल भोकाला टोक नसतं. ही पायरी गाळलीत तर बाकी सगळं वाया.

पेस्ट आदल्या रात्री करून ठेवा. कातरणीचे बारीक तुकडे काचेच्या छोट्या बाटलीत, वरून ते जेमतेम बुडतील एवढं अॅसिटोन, झाकण घट्ट. सकाळी ढवळा. काकवीइतकी दाट हवी. पातळ असेल तर ती प्लास्टिकला फार मऊ करते आणि पातळ कोपरा वाकडा होतो. अजून कातरण टाका. नखांचं पॉलिश काढायचं द्रव वापरू नका, काहींत अॅसिटोन नसतंच आणि बऱ्याचशांत तेल असतं.

अस्तराची पट्टी तड्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर पुढे जाईल एवढी कापा, कोपरे गोल. आता महत्त्वाचं: ती आधी चिलखताच्या वळणासारखी वाकवून घ्या. उकळीच्या आसपासच्या पाण्यात चिमट्याने धरा, मऊ झाली की जाड हातमोजा घालून वळणावर दाबा, गार होऊ द्या. सरळ पट्टी ओढून चिकटवलीत तर ती रात्रंदिवस सरळ व्हायला बघते आणि सांधा स्वतःहून उचकटते. याच पाण्याने न भिडणारी अर्धुकंही थोडी वळवता येतात. हीट गन हातात आली तरी मोह आवरा, क्षणात फोड येतात.

दोन्ही पृष्ठभाग 220 ने खरवडा, साबणाने धुवा, पूर्ण वाळवा. पेस्टचा पातळ हात द्या, पट्टी ठेवा, कपड्यांचे चिमटे किंवा दोन्ही बाजूंनी लोहचुंबक. चोवीस तास हात लावू नका. मग पुढच्या बाजूने चीर भरा, तीही एकदम नाही. अॅसिटोन उडून गेलं की पेस्ट आक्रसते, म्हणून पातळ थर, एक दिवस थांबणं, पुन्हा थर. शेवटी पाणी लावून 400, 800, 1500 आणि गाडीचं रबिंग कंपाउंड.

अॅसिटोनला दोन गोष्टी चालत नाहीत: बंद खोली आणि आग. गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती, काहीही पेटलेलं घरात नको. गॅलरीत काम करा. डोकं जड वाटलं की लगेच बाहेर या.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

त्याच जागी तिसऱ्यांदा तडा गेला असेल तर घरचं काम थांबवा. प्लास्टिक वेल्डिंगवाला शोधा, पण गाड्यांचे बंपर जोडणारा कुठलाही नको. बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्याच्याकडे त्याचीच सळी असते. स्कूटरचे पॅनेल जोडणारा शोधा, कारण ते बऱ्याचदा एबीएसचे असतात. पॅनेलच्या आतल्या बाजूला तसं कोरलेलंही असतं. मी ज्या काकांकडे जाते त्यांनी पहिल्या भेटीत माझी मांडी उलटी करून आतून बघितली आणि विचारलं, "यावर नाव कुठंय, ताई? कुठलं प्लास्टिक ते आधी सांगा, मग सळी लावतो." त्या एका प्रश्नावरून कळलं की माणूस बरोबर आहे. तुमच्या वेल्डरने हे विचारलं नाही तर तुम्ही सांगा, आणि कातरणीवर आधी नमुना करून घ्या.

हेल्मेटला डोळ्याच्या काचेजवळ किंवा मानेच्या कडेला तडा असेल तर दुरुस्त होईपर्यंत ते घालू नका. तुटलेली धार चेहऱ्याजवळ असते. हेल्मेटमधल्या पंख्याची किंवा आवाजाच्या यंत्राची लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका, इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याला दाखवा. चिलखतात चक्कर, मळमळ किंवा घाम अचानक थांबणं असं झालं तर ताबडतोब उतरवा, सावलीत गार करा आणि डॉक्टरांकडे न्या. त्या वेळी पट्टे उघडत बसू नका, कापा.

विजेरीत सगळा तुकडाच पातळ निघाला, किंवा तो पिवळा आणि ठिसूळ झाला असेल, तर तो बदलायचा. भोसरी-चाकण पट्ट्यात पॅकेजिंगचे ट्रे काढणारे व्हॅक्यूम फॉर्मिंगवाले आहेत आणि "याच्यावरून साचा घेऊन दुसरा काढून द्या" म्हटलं तर कुणीतरी तयार होईल. तसं करू नका. मूळ कारागिराला लिहा. तुकडा डावा की उजवा, कडेची मोजलेली जाडी, तुमची उंची आणि मांडीचा घेर, तड्याचा पुढून आणि विजेरी लावून मागून असे दोन फोटो, आणि पेन्सिलीच्या खुणांच्या तारखा. एवढं पाठवलंत तर पुढचा तुकडा काढताना त्याच जागी शीट जाड कशी ठेवायची हे त्यालाही कळतं.